दुकानदाराचा कायदा

रानडुकरांनी भुईमूग नांगरून टाकला, म्हणून ठासणीच्या बंदुकीची चौकशी करायला तालुक्याला गेलो. बंदूकवाला दुकानदार म्हणाला, ‘सातबारा केवढा? पाच एकरांच्या आत परवाना नाही.’ हा कायदा कुठला? 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 14 सांगतं, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं परवाना नाकारता येत नाही; नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. काडतुसांचा हिशेब चोख ठेवणाऱ्याला एवढं ठाऊक नसावं? आणि परवाना मिळाला तरी डुक्कर मारायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं वनखात्याची वेगळी परवानगी लागते, हे त्यानं चकार शब्दानं सांगितलं नाही. उद्या खटला भरतील तो शेतकऱ्यावर, दुकानदारावर नव्हे! कायदा दुकानात विचारू नका. अर्ज टाका, पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा.