खालिद जमीलची ती सात वर्षं

आमच्या रोह्यात खेळ म्हणजे कबड्डी, नाहीतर टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉलवर लिहितोय म्हटल्यावर घरचेसुद्धा हसले. असो.

खालिद जमील महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळला. दुखापतींनी खेळ लवकर आटोपला आणि २००९ मध्ये तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला. पुढे २०१७ मध्ये त्याने ऐजॉलला आय-लीग जिंकून दिली. आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरलेला आणि नंतर परत घेतलेला संघ हा! लोक त्याच चमत्काराबद्दल बोलतात. मला विचाराल तर त्याची खरी कमाई मुंबईतली सात वर्षं. पैसा बेताचा, करंडक एकही नाही, पण संघ दरवर्षी पहिल्या श्रेणीत टिकला. तो गेला आणि २०१६-१७ मध्ये मुंबई एफसी थेट तळाला जाऊन बाहेर पडला. (टिकवून धरणाऱ्याचा सत्कार कोण करतो म्हणा!)

आयएसएलमध्येही त्याला संधी मिळाली ती परदेशी प्रशिक्षक गेल्यावरच. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडला त्याने बाद फेरीत नेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघ हाती आला, तेव्हा आशिया चषक पात्रतेचे दोन सामने आधीच वाया गेले होते. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरकडून १-२ हरलो आणि दार बंद झालं. त्या हिशेबावर कुणी खालिदला मोजू लागलं, तर मी मुंबई एफसीचे जुने गुणतक्ते काढून बसणार आहे.