भाव झाकलेला, व्यवहार उघडा

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या जतकडच्या घरांमध्ये हल्ली एक नवीनच कार्यक्रम असतो. पुण्या-मुंबईची, बेंगलोरची मुलं चार दिवस घरी येतात, माळ्यावर चढतात आणि "आई, हे कशाला ठेवलंयस अजून?" असं म्हणत एकेका वस्तूचा मोबाईलवर फोटो काढतात. शिलाई मशीन, लोखंडी कपाट, दिवाण, बाबांची स्कूटर.. फोटो नेटवर चढतो, खाली किंमत येते आणि संपर्कासाठी आईचा नंबर! रविवारी रात्रीच्या गाडीने मुलं परत जातात. इकडे दुकान उघडलेलं असतं आणि गल्ल्यावर सत्तरीची आई बसलेली असते.

जुन्या वस्तू विकण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वस्तू वापरात राहिली तर चांगलंच. नवा संसार मांडणाऱ्या एखाद्या जोडप्याला निम्म्या किमतीत कपाट मिळालं तर त्याहून चांगलं. ओएलएक्स २००६ साली निघालं, क्विकर २००८ साली आलं आणि आता तर गावोगावचे खरेदी-विक्रीचे गट फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. हे काही थांबणार नाही. माझं म्हणणं एवढंच की अनोळखी माणसाला वस्तू कशी विकायची हे आमच्या भागाला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. आमचे आजे-पणजे तेच करत आले, आपण विसरलो.

मार्गशीर्षात जतला यल्लम्मादेवीची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर जनावरांचा बाजार. खिलार बैल, खोंडं, गाई घेऊन आसपासच्या तालुक्यांतले आणि कर्नाटकातलेही लोक येतात. विकणारा मराठी, घेणारा कन्नड, दोघांनी जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलेलं नसतं. आणि तरी शेतकऱ्याच्या दारातली सगळ्यात महागाची गोष्ट एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते.

कशी जाते? दिवसाउजेडी, भर बाजारात, चार माणसांदेखत. घेणारा दात बघतो, खांदा चाचपतो, चालवून बघतो, पण कासरा मालकाच्या नाहीतर त्याच्या पोराच्या हातात असतो. मध्ये दलाल असतो. तो दोन्हीकडच्या शिव्या खातो, पण दोन्हीकडचा साक्षीदारही तोच. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो. इसार दिला जातो. शेवटी पावती होते, त्यावर विकणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, जनावराचं वर्णन. आता तर जनावराच्या कानात १२ आकडी बिल्लाही असतो.

म्हणजे बघा, भाव झाकलेला आणि व्यवहार उघडा. नेटवर आपण नेमकं उलटं केलंय. भाव साऱ्या जगाला दिसतो आणि व्यवहार होतो बंद दाराआड, आपल्या बैठकीच्या खोलीत, जिथे साक्षीदार कुणीच नसतो.

बाजारात फसवणूक होत नव्हती असं मी म्हणणार नाही. बैलाची शिंगं साळून, तेल लावून त्याला तरुण करणारे बहाद्दर तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण तिथे खिशाला चाट बसायची. माणूस घरी धडधाकट परत यायचा.

आता आमच्या नात्यातल्या एका मावशींचं सांगतो. वय ७४, यजमान गेल्यापासून एकट्याच राहतात. मुलाने पुण्याहून दिवाण विकायला काढला, नंबर मावशींचा दिला. एके दिवशी रात्री साडेआठला दारात तिघं तरुण उभे. लाईट गेलेली. मावशींनी ग्रिलला कुलूप तसंच ठेवलं आणि शेजारच्या वहिनींना फोन लावला. वहिनी टॉर्च घेऊन आल्या तेव्हा ती मुलं चांगलीच ओशाळली होती. दिवसभर कामावर होते, दुसऱ्या गावाहून टेम्पो घेऊन आले होते, एकाच्या लग्नासाठी दिवाण हवा होता. "आज्जी, चुकलं आमचं, फोन करून यायला पाहिजे होतं," म्हणाली आणि दिवाण न बघताच निघून गेली.

झालं काहीच नाही. पण पुढचे दोन दिवस मावशी वहिनींकडे झोपायला गेल्या. मुलाला याचा पत्ताही नाही. "गिऱ्हाईक आलं होतं, पण जमलं नाही," एवढंच त्याला कळलं.

मला या गोष्टीत दोन्हीकडचं वाईट वाटतं. मावशी घाबरल्या आणि त्या बिचाऱ्या पोरांना उगाच चोरासारखं उभं राहावं लागलं. रीत नसली की भला माणूसही संशयित होतो! म्हणून सावधगिरी म्हणजे समोरच्याचा अपमान, असं मला वाटत नाही. उलट चांगल्या गिऱ्हाईकाला तिचा जास्त उपयोग आहे. मोबाईल चोरीचा तर नाही ना, पैसे घेऊन हा माणूस गायब तर होणार नाही ना, अशी धाकधूक त्यालाही असतेच की.

जिवाला धोका म्हटलं की काही लोक हसतात. २०१३ सालच्या मे महिन्यात कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात एका तरुणाने आपली गाडी विकायची जाहिरात नेटवर दिली होती. संध्याकाळी दोघं गाडी बघायला त्याच्या घरी आले. ट्रायलसाठी तो त्यांच्याबरोबर गाडीत बसून गेला तो परत आलाच नाही. त्याचा खून झाला होता. २०१६ साली दोघांनाही शिक्षा झाली. इतकं टोकाचं क्वचितच घडतं, हे मान्य. पण ट्रायल घेतो म्हणून मोटारसायकल पळवल्याच्या बातम्या आपल्याकडेही वाचायला मिळतात. अमेरिकेत तर कित्येक गावांत पोलिसांनी ठाण्याच्या आवारात, कॅमेऱ्याखाली, अशा देवघेवीसाठी जागाच आखून दिल्यात. म्हणजे फिरून फिरून तेही बाजारतळावरच आले!

यावर आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे, "आम्ही माणूस बघूनच देतो." आडनाव विचारायचं, गाव विचारायचं, कुठेतरी पाहुण्यांचा धागा जुळला की झालं, आपलाच माणूस. सीमेवरच्या आमच्या तालुक्यात तर समोरचा कुठली भाषा बोलतो यावरही विश्वास ठरतो. माझ्या मते ही सुरक्षितता खोटी आहे. भामट्याला आडनाव सांगायला काय लागतं? बैलबाजारात कन्नड गिऱ्हाईक आणि मराठी गिऱ्हाईक यांना रीत एकच होती, म्हणून तर तिथे परका माणूस परका राहूनही सौदा करू शकायचा.

आणि 'आपला माणूस' कसा वापरला जातो ते बघा. फोन येतो, "मी फौजेत आहे, सध्या पोस्टिंगवर आहे. बघायला येता येणार नाही. पैसे आधी पाठवतो, वस्तू न्यायला माणूस येईल." वर्दीतला फोटो येतो, ओळखपत्राचा फोटो येतो. सातारा-सांगलीत घरटी नाही तरी गल्लीत एक तरी फौजी असतोच, साताऱ्याकडच्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी आहे. वर्दीवर संशय घ्यायला आपलं मन धजत नाही आणि भामट्याला नेमकं हेच ठाऊक असतं. मग तो आधी पाच-दहा रुपये पाठवून विश्वास बसवतो आणि पाठोपाठ क्यूआर कोड पाठवतो, "हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील." येत काहीच नाहीत, जातात! २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीला जुना सोफा विकताना असाच ३४,००० रुपयांना गंडा घातला गेला. तेव्हा आपल्या आई-वडिलांना काय बोल लावायचा? त्यांना एकच वाक्य पाठ करून द्या: पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही लागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन. जितका उशीर तितकी आशा कमी.

मग करायचं काय? बाजारात करत होते तेच.

उजेड आणि चारचौघं. मोबाईल, सायकल, शिलाई मशीन अशी उचलून नेता येईल ती वस्तू घरी दाखवायची नाही. दिवसा, स्टँडवर किंवा बँकेजवळ बोलवायचं, आपण एकटं जायचं नाही. जाहिरातीत घराचा पत्ता नको. फोटोत कपाटाची किल्ली, देवघर, खिडक्या नकोत. "घरी आई असते, कधीही या" हे वाक्य तर अजिबात नको.

कपाट-फ्रीज काही स्टँडवर नेता येत नाही. अशी वस्तू मुलं घरी असतानाच ओसरीवर किंवा गेटजवळ आणून ठेवायची. गिऱ्हाईकाला वेळ द्यायची, शेजाऱ्याला आधी सांगून ठेवायचं आणि सौदा बाहेरच उरकायचा. तेवढं जमणार नसेल तर गावातल्या ओळखीच्या जुन्या सामानाच्या दुकानदाराला द्यायची. तो हजार-दोन हजार कमी देईल. ते हजार-दोन हजार म्हणजे आईच्या शांत झोपेची किंमत आहे असं समजा, स्वस्तच आहे.

कासरा आपल्या हातात. गाडीची ट्रायल द्यायची तर गिऱ्हाईकाचं लायसन बघून, त्याचा फोटो घेऊन, त्याची स्वतःची गाडी आपल्याकडे ठेवून आणि आपल्याच वर्दळीच्या रस्त्यावर. पैसे मिळाले हे समोरच्याच्या मोबाईलवर बघायचं नाही, स्क्रीनशॉट कुणालाही बनवता येतो. आपल्या खात्यात जमा दिसले तरच वस्तू सुटली. मोठी रक्कम असेल तर सरळ बँकेत भेटा. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून कायद्याने बंदीच आहे.

आणि पावती! वहीच्या कागदावर का होईना, दोघांची नावं, तारीख, रक्कम, सह्या, ओळखपत्राची झेरॉक्स. मोबाईल असेल तर *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ आकडी आयएमईआय नंबर त्यावर लिहायचा, तो मोबाईलच्या कानातला बिल्लाच.

गाडीच्या बाबतीत तर पावतीनेही भागत नाही. आमच्याकडे सांगलीपेक्षा विजापूर जवळ, त्यामुळे एमएच १० ची गाडी केए २८ वाल्याकडे जाणं नेहमीचंच. सह्या केलेले कोरे फॉर्म देऊन "तुम्ही करून घ्या" म्हणण्याची पद्धतही नेहमीचीच. पण गाडी आरटीओच्या दप्तरी तुमच्या नावावर आहे तोवर तुम्हीच मालक. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्या प्रकरणात गाडी विकली गेली होती, पुढे आणखी हातांत गेली होती, आणि तिच्या अपघाताची भरपाई मात्र दप्तरी नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली. तेव्हा २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, परराज्यात जाणार असेल तर २८ नंबरची एनओसी आणि आरटीओला कळवणं, हे सगळं विकणाऱ्याने स्वतः करावं. बाबांची स्कूटर विकताना बाबांच्या सहीची काळजी मुलांनी नाही घ्यायची तर कुणी?

"इतकं सगळं एका जुन्या दिवाणासाठी?" असं माझ्या एका मावसभावाने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. पण हा सगळा खटाटोप एरवीही कुणीतरी करतच असतं. दार कोण उघडतं, आलेल्याला पाणी कोण देतं, अनोळखी माणूस आतल्या खोलीत शिरताना दाराशी जीव मुठीत धरून कोण उभं राहतं? पुण्यात बसून हे दिसत नाही. जाहिरात टाकायला दोन मिनिटं लागतात, गिऱ्हाईक मात्र आईच्या दारात दोन महिने येत राहतं.

असो. भावंडांनो, रागावू नका. माळा रिकामा करा, वस्तूही विका. फक्त जाहिरातीत नंबर स्वतःचा द्या, गिऱ्हाईकाशी तुम्ही बोला, वेळ तुम्ही ठरवा आणि त्या वेळेला घरी या. येणं जमणार नसेल तर राहू दे तो दिवाण माळ्यावर. इतकी वर्षं राहिलाय, अजून एक दिवाळी राहील.