डबा ओट्यावरच राहिला!

शाळा सुरू झाल्या की दवाखान्यात एक ठराविक तक्रार येऊ लागते. मुलाचे डोके दुखते, पोटात कळ येते, कधी प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन ते खाली बसते. पालक घाबरून विचारतात, "डॉक्टर, रक्त तपासायचं का? डोळ्यांना नंबर तर लागला नसेल?" तपासणी गरजेप्रमाणे जरूर करावी. पण त्याआधी मी मुलालाच एक साधा प्रश्न विचारतो, "सकाळपासून काय खाल्लंस?"

मागे एकदा पाचवीतल्या एका मुलीला तिचे आईवडील घेऊन आले होते. सकाळी साडेसहाला कपभर चहा, दोन बिस्किटे आणि त्यानंतर दुपारी एकपर्यंत काही नाही. डब्याचे विचारले तेव्हा आई खाली मान घालून म्हणाली, "भरला होता हो, पण ओट्यावरच राहिला." शेजारी उभे असलेले वडील लगेच म्हणाले, "आठवड्यातून दोनदा हेच होतं. हिचं लक्षच नसतं." मुलगी मात्र हळूच म्हणाली, "मी मैत्रिणींना सांगते, मला आज भूक नाही."

मधल्या सुट्टीत सगळ्यांची अंगतपंगत बसलेली असताना भूक नसल्याचे सोंग करणे दहा वर्षांच्या मुलीला किती जड जात असेल, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

आता शरीराचा हिशेब पाहू. रात्री नऊला जेवलेले मूल दुपारी एकपर्यंत चहा-बिस्किटांवर राहिले, तर सोळा तास त्याला धड अन्न मिळालेले नसते. मेंदूचे काम मुख्यतः रक्तातील साखरेवर चालते. मोठी माणसे यकृतातील साठ्यावर बराच वेळ निभावून नेतात. मुलांचा साठा लहान आणि गरज मात्र जास्त. मग चिडचिड, जांभया, फळ्याकडे लक्ष न लागणे हे ओघाने आलेच. अशा मुलाला आपण 'आळशी' म्हणून मोकळे होतो.

त्यात रक्तक्षयाची भर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे शाळेत जातात. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचे शिजवलेले अन्न मिळते, ही मोठीच सोय आहे. परंतु विनाअनुदानित शाळांतील मुलांना आणि नववी-दहावीच्या मुलामुलींना ती नाही. मासिक पाळी सुरू झालेल्या मुलींची लोहाची गरज तर याच वयात वाढलेली असते. त्यांच्यासाठी घरचा डबा हाच आधार.

मग डबा विसरतो का? माझे स्पष्ट मत असे की, दोष आईच्या लक्षाचा नाही, घराच्या रीतीचा आहे. नळाला पाणी त्याच वेळी येते, दूध त्याच वेळी उतू जाते, सासूबाईंची गोळी, धाकट्याची वेणी किंवा बूट, आणि दाराशी रिक्षाचा हॉर्न! हे सगळे एकाच डोक्यात ठेवले तर काहीतरी निसटणारच. २०२४ साली राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत अशी सूचना केली. त्यापुढच्या वर्गांची सकाळची धावपळ मात्र अनेक घरांत तशीच आहे.

यावर औषध सोपे आहे. रविवारी सगळ्यांनी बसून आठवड्याचा डबा ठरवावा आणि तो कागद स्वयंपाकघरात चिकटवावा. भाजी निवडणे, मटकी भिजवणे, थालीपिठाची भाजणी काढून ठेवणे ही कामे रात्रीच उरकावीत. तिसरी-चौथीपासून मुलाने आपला रिकामा डबा संध्याकाळी स्वतः दप्तरातून काढून घासायला टाकावा आणि सकाळी स्वतःच दप्तरात ठेवावा. पाण्याची बाटली भरणे आणि दाराबाहेर पडताना "डबा घेतला का?" हे विचारणे ही कामे वडिलांची. त्यासाठी स्वयंपाक यावा लागत नाही!

दप्तराच्या एका कप्प्यात शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू नीट बांधून कायम ठेवावा. डबा राहिलाच तर तो उपयोगी पडतो. दर आठवड्याला तो बदलायला मात्र विसरू नये. डब्यात रोज नवलाई हवी असेही नाही. पोळी-उसळ, लिंबू पिळलेले पोहे, मेथीचे थालीपीठ, दशमी आणि चटणी पुरेशी आहेत. लिंबामुळे अन्नातील लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर चहा घेतला तर उलट होते.

घाईत दोन चुका टाळाव्यात. रात्रभर बाहेर राहिलेला भात फोडणी देऊन डब्यात देऊ नये. अशा भातात काही जंतूंचे जे विष तयार होते, ते परतल्यानेही जात नाही. दुसरी चूक म्हणजे डब्याऐवजी हातावर दहा-वीस रुपये ठेवणे. शाळेच्या आवारात आणि बाहेर ५० मीटरपर्यंत अति चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये झाला आहे. पण आपणच पैसे दिले तर मूल वेफर्सचे पाकीटच घेणार.

त्या मुलीला मी लोहाचे औषध दिले, रक्त तपासायला सांगितले आणि वडिलांना एक काम सांगितले. तेच इथे सर्व वडिलांना सांगतो. पुढच्या वेळी डबा ओट्यावर दिसला तर कोण विसरले हे नंतर विचारा. आधी चपला घाला आणि मधल्या सुट्टीआधी तो शाळेत पोहोचवा.