पिठाचा कोंबडा

विरार येथील आमच्या एका स्नेह्यांनीं नवें घर घेतलें. दुपारीं वास्तुशांत यथासांग झाली आणि रात्रीं मित्रमंडळींसाठीं वेगळें भोजन होतें, त्यास आम्हीही निमंत्रित होतों. घराणें तीन पिढ्यांचें शाकाहारी. इमारतींतील बहुतेक कुटुंबेंही तशींच. पानावर नेहमींच्या पदार्थांच्या जोडीला एक अपूर्व वस्तु वाढण्यांत आली. सुरमईच्या तुकडीचा आकार, वर रव्याचें कुरकुरीत आवरण, आंत पदर सुटणारा पांढुरका गर, आणि ज्याला समुद्राचाच म्हणावा असा वास. शेजारच्या वाटींत तांबडा रस्सा व त्यांत तंतुमय फोडी. यजमानांनीं मोठ्या कौतुकानें खुलासा केला कीं, हें सर्व सोयाबीन आणि गहूं यांचें केलेलें आहे, पाकिटावर हिरवा ठिपका आहे, कोणीं मनांत किंतु आणूं नये. कोणीं आणलाही नाहीं. आमच्या डाव्या बाजूस बसलेल्या एका वृद्ध बाईंनीं जन्मांत मासळीला हात लावलेला नाहीं, पण पहिल्याच घासाला त्या म्हणाल्या, “अगदीं तस्संच लागतं हो!” तें कसें लागतें हें त्यांना कोठून ठाऊक, हा प्रश्न आम्हीं घासाबरोबर गिळला.

जेवून खालीं उतरलों तों जिन्यापाशीं सूचनांच्या फळ्यावर गृहसंस्थेचा एक ताजा ठराव लावलेला दिसला. मासळी विकणाऱ्या बायांना फाटकाच्या आंत सोडूं नये, आणि जागा भाड्यानें देतांना भाडेकरू शाकाहारी असल्याची खात्री करून घ्यावी, असा त्याचा आशय होता. कारण एकच दिलें होतें: उग्र वासामुळें रहिवाशांस होणारा उपद्रव. ज्या वासाला खालच्या फळ्यावर हद्दपारीची शिक्षा सुनावली होती, तोच वरच्या मजल्यावर पैसे मोजून आणून पाहुण्यांना वाढला गेला होता, आणि या दोन गोष्टींत कांहीं विसंगति आहे असें त्या घरांत कोणालाही वाटत नव्हतें. आम्हांला ती विसंगति पुढें कित्येक दिवस सोडीना.

प्रथम या नकली मांसाच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें म्हणूं, कारण तें थोडें नाहीं. मांसाहार सोडावा असें मनापासून वाटणारा, पण लहानपणापासूनची चव जिभेवरून न उतरणारा माणूस आम्हीं पुष्कळ पाहिला आहे. अशाला नुसता उपदेश करून भागत नाहीं. त्याच्या पानांत कांहीं तरी पडावें लागतें. त्यासाठीं जर कोणी सोयाबीनची खिमा-वडी करून दिली आणि तेवढ्यापुरता एक बोकड वांचला, तर त्यांत हंसण्यासारखें काय आहे? दुसरी गोष्ट पोषणाची. सोयाच्या वडींत सुक्या वजनाच्या जवळजवळ निम्मीं प्रथिनें असतात. तुरीच्या डाळींत तें प्रमाण शेंकडा २२ च्या आसपास आणि शेंगदाण्यांत २५ च्या आसपास आहे. भाताच्या ढिगावर पळीभर पातळ वरण घेऊन आपण सात्त्विक आहार करतों असें समजणाऱ्या आमच्या घरांना ही वडी उपकारकच आहे. एवढें मात्र ध्यानांत असावें कीं, भिजल्यावर तिचें वजन पाण्यानें तिपटीच्या घरांत जातें, तेव्हां ताटांतल्या वाटीभर वडींत पाकिटावरचा आंकडा शोधूं नये. शाकाहाऱ्यांना खरी उणीव पडते ती बी-१२ या जीवनसत्त्वाची. तें वनस्पतींत मिळत नाहीं, आणि कारखानदारानें वेगळें घातलें नसेल तर या मांसाच्या सोंगांतही नसतें.

हें सोंग म्हणजे कालपरवांची अमेरिकन टूम, असा पुष्कळांचा समज दिसतो. तो चुकीचा आहे. चीनमधील बौद्ध मठांत गव्हाच्या पिठांतला चिकट भाग धुवून काढून त्याचे मांसासारखे पदार्थ करण्याची रीत शतकानुशतकांची आहे. आमच्याकडे तर खुद्द मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत अशी मुभा दिलेली आहे कीं, मांसाची फारच इच्छा झाली तर तुपाचा किंवा पिठाचा पशु करावा, पण उगाच जिवाला मारूं नये. माध्व संप्रदायानें यज्ञांत पिष्टपशूचाच पुरस्कार केला. नवरात्रांत बोकडाऐवजीं कोहळा कापणारीं घराणीं आपल्या आसपास आजही आहेत. नवें आहे तें यंत्र. सोयाबीनचें तेल काढून घेतल्यावर उरणारें पीठ पाण्यांत कालवून, उष्णतेच्या आणि दाबाच्या जोरावर बारीक तोंडांतून बाहेर रेटलें कीं तें फुलतें आणि त्याला तंतु सुटतात. अमेरिकेंत १९६० च्या दशकांत ही युक्ति कारखान्यांत स्थिरावली. पुढें कोणीं बिटाचा रस घालून रक्ताचा रंग आणला, तर कोणीं सोयाबीनच्या मुळांतील गांठींत सांपडणारें रक्तवर्णी द्रव्य किण्वाकडून तयार करवून मांसाची चव साधली. महाराष्ट्रांत रितेश व जेनेलिया देशमुख या नटदंपतीनें २०२१ सालीं ‘इमॅजिन मीट्स’ या नांवानें असाच उद्योग सुरू केला. अमेरिकेंतील या धंद्यांतल्या एका अग्रेसर कंपनीचे भाग २०१९ सालीं बाजारांत आले तेव्हां कांहीं महिन्यांत आठपटींहून वर चढले, आणि पुढें मूळ किमतीच्या कितीतरी खालीं कोसळले. मांस खाणाऱ्यानें एकदां कुतूहलानें घेतलें आणि दुसऱ्यांदा तो आपल्या खाटिकाकडे परतला, हें त्याचें एक कारण असावें. कारण या कारखानदारांना मुळांत गिऱ्हाईक हवा होता तो मांसाहारी. आमच्या विरारच्या स्नेह्यांचा त्यांनीं विचारही केलेला नव्हता.

येथें एका जुन्या कथेची आठवण होते. सोमदेवसूरीच्या इ. स. ९५९ मधील ‘यशस्तिलकचंपू’ काव्यांत ती आहे, आणि त्याच शतकांतल्या पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’ या अपभ्रंश काव्याचाही तोच विषय आहे. हें दुसरें काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनीं संपादून वऱ्हाडांतील कारंज्याच्या जैन ग्रंथमालेंत १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. यशोधर राजाला दुःस्वप्न पडतें. त्याची आई देवीला बळी देण्याचा आग्रह धरते. राजा जीवहत्येला तयार होत नाहीं. तेव्हां आई म्हणते, निदान पिठाचा कोंबडा तरी दे. राजा तेवढ्यापुरता मान तुकवितो, पिठाच्या कोंबड्यावर शस्त्र चालवितो, प्रसाद म्हणून तो खातो. एकाही प्राण्याचा केंस वांकडा झालेला नसतो. तरीही त्या एका कृत्यापायीं मायलेकांना मोर, कुत्रा असे पशुपक्ष्यांचे जन्म एकामागून एक घ्यावे लागतात. कारण हात पिठावर पडला तरी मनांत कोंबडा होता.

मनूची मुभा आणि जैन कवीची ही कठोर तुला, यांत आम्ही कोणाचा पक्ष घेणार? आमच्या मतें दोहोंचीं माणसें वेगळीं आहेत. ज्याला वासना आहे आणि जो तिच्याशीं प्रामाणिकपणें झगडतो आहे, त्याला मनूचा पिठाचा पशु योग्य. त्यानें तो खुशाल खावा आणि त्याची चेष्टा कोणीं करूं नये. पण ज्याला ती वासना कधीं नव्हतीच, जो आपल्या वंशपरंपरेच्या निर्मळ स्वयंपाकघराचा अभिमान चारचौघांत मिरवितो, त्यानें हौसेनें नकली सुरमई विकत आणावी, तिच्यावर लिंबू पिळावें आणि ‘तस्संच लागतं’ म्हणून टाळी द्यावी, त्याला यशोधराची गोष्ट ऐकवणें भाग आहे. त्या पाकिटावरील हिरवा ठिपका आंतल्या द्रव्यांची ग्वाही देतो. खाणाऱ्याच्या मनाची ग्वाही देण्याचा अधिकार त्याला कोणत्याही सरकारनें दिलेला नाहीं.

यावर जुन्नर-आंबेगांवकडील वाचक मासवडीचें उदाहरण पुढें करतील, हें आम्ही जाणून आहों. बेसनाच्या उकडीत तीळ-खोबऱ्याचें सारण भरून, माशाच्या आकाराची वळकटी करून तिचे तुकडे पाडतात व झणझणीत रश्श्याबरोबर खातात. ती करणाऱ्या कित्येक घरांत माळकरी वारकरी आहेत. मग त्यांनाही पिठाच्या कोंबड्याचा दोष लावणार काय? मुळींच नाहीं. मासवडीनें माशाचा आकार उसना घेतला, नांव उसनें घेतलें, आणि तेवढ्यावर गंमत थांबविली. तिची चव तिळाची, खोबऱ्याची आणि लसणाची आहे. ती मासा असल्याचा आव आणीत नाहीं. पावसाळ्यांतली अळंबी, कोंवळ्या फणसाच्या कुयरीची भाजी, सोललेल्या वालांचें बिरडें, सुरणाचे काप, हे पदार्थही मांसाची उणीव भरून काढण्यासाठीं जन्मलेले नाहींत. आगाशीच्या सुकेळ्यांना कोणी सुक्या बोंबलाचा पर्याय म्हणून विकूं लागला तर तेथील बागाईतदार त्याला वेड्यांतच काढील. पण अलीकडे याच फणसाला ‘शाकाहारी मटण’ अशी पदवी देऊन, दुप्पट किमतीचें पाकीट करून विकतात, आणि ज्या घरांत आजी तीच भाजी वर्षानुवर्षें मोहरीची फोडणी देऊन करीत आली, त्याच घरांतील नातू तें पाकीट आणतो! पाकिटांतल्या पदार्थांत मीठ बहुधा सढळ असतें आणि स्निग्धांशही बेताचा नसतो. पण तो हिशेब ज्याचा त्यानें पाकिटाच्या पाठीमागें वाचून करावा.

आतां फळ्यावरच्या ठरावाकडे येऊं. मासळीला आजवर जो आक्षेप घेतला जात होता तो दोन प्रकारचा. एक हिंसेचा, आणि दुसरा किळसेचा. हिंसेचा आक्षेप गंभीर आहे, त्यापुढें आम्ही नम्र आहों. तो घेणारा बहुधा आपल्या पायांतलें कातडें आणि अंगावरचें रेशीमही तपासून पाहतो. परंतु शेजाऱ्याच्या मनांत हिंसेचा विचार उतरवायचा तर त्याच्याशीं बोलावें लागतें, त्याला फाटकाबाहेर ठेवून तें काम होत नाहीं. म्हणून गृहसंस्थांचे ठराव हिंसेचें नांवही काढीत नाहींत. ते नेहमीं वासाचें नांव काढतात. आणि वासाचा आक्षेप त्या रात्रींच्या पंगतींत त्या लोकांनीं स्वतःच्या तोंडानें खाऊन टाकला. जो वास मनाला सुखवितो म्हणून विकत घेतला, तो कोळणीच्या पाटींतून आला कीं असह्य कसा होतो? उरतें तें एकच उत्तर, आणि तें लाजिरवाणें आहे. त्रास वासाचा नव्हता. त्रास त्या पाटीखालच्या बाईचा आणि तिचें गिऱ्हाईक असलेल्या भाडेकरूचा होता.

हें आम्ही विरारसंबंधानें अधिक तीव्रतेनें लिहितों, याला कारण आहे. ही भूमि मासळीची आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घातले जात होते तेव्हां या इमारतींचा पायाही खणलेला नव्हता. गिरगांव-परळांतून स्वस्त जागेच्या शोधांत आपण लोक विरारच्या गाडींत बसून येथें आलों, आणि त्याच गाडीच्या सामानाच्या डब्यांतून कोळणी आपल्या पाट्या घेऊन मुंबईकडे जात राहिल्या. पाहुण्यानें यजमानालाच ओटीवरून उठवावें, तसा हा प्रकार आहे. ‘आपल्या घरांत आपला नियम’ हें म्हणणें स्वयंपाकघरापुरतें आम्हांला सर्वस्वीं मान्य आहे. शाकाहारी माणसाच्या चुलीवर कोणी मांस शिजवावें असें कोणीही म्हणत नाहीं. पण जिना, उद्वाहन आणि समोरच्या बिऱ्हाडाची चूल हीं कोणाचीं स्वयंपाकघरें नव्हेत.

विरारच्या अलीकडचें स्थानक नालासोपारा. तेथें पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. गिरनारसारख्या ठिकाणीं मिळणाऱ्या पूर्ण पाठावरून त्याचा अर्थ असा लागतो: पूर्वींचे राजे करमणुकीच्या यात्रेला निघत आणि तींत शिकार चाले, या राजानें ती सोडून धर्मयात्रा धरली. शिकार सोडल्यावर त्यानें लांकडाचीं हरणें उभीं करून त्यांच्यावर बाण मारले नाहींत. ज्या वेळांत शिकार व्हावयाची त्या वेळांत तो ब्राह्मणांना आणि श्रमणांना भेटला, म्हाताऱ्यांना भेटून त्यांना धन दिलें, आणि खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशीं धर्माविषयीं बोलला. हिंसा सोडणाऱ्या त्या राजाला लोकांपासून दूर राहण्याची गरज भासली नाहीं. त्याची यात्राच मुळीं लोकांकडे निघालेली होती.

आमच्या स्नेह्यांना आम्हीं हें सर्व एकदां सांगून पाहिलें. ते भले गृहस्थ आहेत, रागावले नाहींत. म्हणाले, “अहो, तें खरंच, पण ठराव बहुमतानं झालाय.” तो ठराव अजून फळ्यावर आहे. कोळीण आतां फाटकाबाहेर रिक्षाच्या थांब्याशेजारीं पाटी मांडून बसते. परवां सकाळीं आम्ही तेथून जात होतों, तेव्हां कापडी पिशवी घडी करून हातांत धरलेली तीन-चार माणसें तिच्याभोंवतीं उभीं होतीं. त्यांतलीं दोघें त्याच इमारतींतून उतरलेलीं होतीं, आणि त्यांपैकीं एक ठरावाखालीं सही करणारे होते.