भरतीसाठी वजन : आठ दिवसांचे काम नव्हे

परवा एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याचे वडील मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात घेऊन आले. पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी, रक्तदाब ९० च्या खाली. दोन दिवसांवर सैन्यभरती आणि वजन चार किलो जास्त. म्हणून पोराने जेवण सोडले आणि कुणाच्या तरी सल्ल्याने लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या. सलाईन लावल्यावर संध्याकाळपर्यंत तो सावरला. सगळेच सावरत नाहीत.

या गोळ्यांनी चरबी तसूभरही कमी होत नाही. शरीरातले पाणी आणि क्षार तेवढे निघून जातात. पोटॅशियम घटले की हृदयाची लय बिघडू शकते. त्यातच भरती मेळाव्यात १.६ किलोमीटर धावायचे असते. पूर्ण ६० गुण हवे असतील, तर साडेपाच मिनिटांच्या आत. कोरड्या पडलेल्या शरीराने उन्हात असे धावणे म्हणजे जिवाशी खेळ. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत धावताना काही तरुण दगावले, हे आपण विसरलो की काय?

उलट तऱ्हाही पाहतो. वजन कमी पडते म्हणून सकाळी डझनभर केळी आणि तांब्याने पाणी. त्याने काटा हलेल, पण छाती ५ सेंटिमीटर फुगणार नाही आणि दहा पुल-अप्सही निघणार नाहीत.

माझे स्पष्ट मत असे, की सैन्याला काट्यावरचा आकडा नको असतो, ओझे घेऊन चालणारा माणूस हवा असतो. उंची आणि वयानुसार वजनाचा तक्ता त्यासाठीच आहे. असे शरीर घडायला किमान सहा महिने लागतात. जास्त वजन आठवड्याला अर्धा किलो या बेताने उतरवावे. कमी असेल त्याने भाकरीसोबत उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे-गूळ वाढवावे. हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल, तर आधी त्यावर उपचार घ्यावेत. सपाट तळवे, गुडघ्याला गुडघा लागणे हे दोषही आधीच तपासून घ्यावेत, म्हणजे ऐनवेळी निराशा होत नाही.

पालकांनो, मुलाच्या खिशात कसल्या गोळ्या आहेत, हे एकदा पाहा. आणि औषध दुकानदार बंधूंनो, चिठ्ठीशिवाय त्या देऊ नका. भरती पुन्हा निघेल, मुलगा पुन्हा मिळणार नाही.