जुनी डीव्हीडी, नवा टीव्ही

लग्नाची, बारशाची एखादी डीव्हीडी बहुतेक घरांत कपाटात जपून ठेवलेली असते. घरात मोठा टीव्ही येतो, हौसेने ती लावली जाते आणि चित्र पुसट दिसते. मग दुकानदार सांगतो, ‘अपस्केलिंगचा प्लेअर घ्या, जुनी डीव्हीडी एचडीसारखी दिसेल.’ कष्टाचा पैसा खर्च करण्यापूर्वी हा हिशेब समजून घ्यावा.

टीव्हीवरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. आपल्याकडील डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात. जुन्या व्हीसीडीत तर जेमतेम १ लाख. फुल एचडी टीव्हीच्या पडद्यावर मात्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. फोर-केवर जवळजवळ ८३ लाख. म्हणजे डीव्हीडीच्या एका ठिपक्यामागे फुल एचडीवर पाच आणि फोर-केवर वीस ठिपके भरावे लागतात. शेजारचे रंग पाहून हे जादा ठिपके अंदाजाने भरणे, यालाच अपस्केलिंग म्हणतात.

यामुळे चित्राच्या कडा नितळ दिसतात, हे खरे. पण डिस्कमध्ये जे उतरलेलेच नाही, ते कोणताही प्लेअर आणणार नाही. पासपोर्ट फोटो भिंतीएवढा केला, तरी साडीची नक्षी नव्याने उमटत नाही, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. हेच काम टीव्हीसुद्धा करतो. पडदा भरण्यासाठी त्याला ते करावेच लागते. टीव्ही ते नीट करत असेल, तर नव्या प्लेअरने फारसा फरक पडत नाही.

म्हणून आधी कमी खर्चाचे उपाय करा. प्लेअरला एचडीएमआयची सोय असेल, तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची वायर काढून एचडीएमआय केबल लावा. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एकदा ५७६ आणि एकदा १०८० ठेवून पाहा. जे चित्र चांगले दिसेल, ते ठेवा. चेहरे फुगलेले दिसत असतील, तर टीव्हीवर ४:३ हा आकार निवडा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, पण माणसे माणसांसारखी दिसतील. शार्पनेस कमी करा. तो वाढवला की कडांना पांढऱ्या रेघा येतात.

यानंतर पैसे उरले, तर ते एका महत्त्वाच्या कामाला लावा. स्टुडिओवाल्याने भरून दिलेल्या डिस्क कायमच्या टिकत नाहीत. ऊन, दमट हवा, ओरखडे यांनी त्या खराब होतात. आजच त्यातील चित्रण संगणकावर उतरवून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. थोडे पुसट का होईना, पण आज हयात नसलेल्या आजीचा चेहरा आणि आवाज नातवंडांपर्यंत पोहोचेल. एकदा डिस्क गेली, तर तो परत मिळणार नाही.