विश्लेषण : वेबसाइटचे रूप बदलले की युजर का भडकतात? ‘डिग’च्या पतनातून काय दिसले?

ऑगस्ट २०१० मध्ये ‘डिग’ या त्या काळच्या लोकप्रिय अमेरिकी वेबसाइटने आपले रूप बदलले आणि पाचच दिवसांत तिच्याच युजरनी ‘डिग सोडा दिवस’ पाळला. दोन वर्षांनी ही वेबसाइट मातीमोल भावात विकली गेली. त्यानंतर फेसबुक, स्नॅपचॅट, विकिपीडिया, रेडिट अशा अनेकांनी बदल केले. विरोध बहुतेकांना झाला, पण बुडाली ‘डिग’. युजरना बदलाचा तिटकारा असतो, एवढ्याने या फरकाचा उलगडा होत नाही.

‘डिग’ काय होते?

केव्हिन रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या या वेबसाइटची कल्पना साधी होती. इंटरनेटवर आवडलेल्या बातमीची लिंक कोणीही द्यायची. इतरांना ती पटली तर त्यांनी ‘डिग’ करायची, म्हणजे खणून वर काढायची. नाही पटली तर ‘बरी’ करायची, म्हणजे पुरून टाकायची. ज्या लिंकला भरपूर मते मिळत, ती मुख्य पानावर येई. संपादक नाही, बातमीदार नाही. मुख्य पानावर काय असावे हे वाचकच ठरवत. तेथे झळकलेल्या छोट्या वेबसाइटवर एवढी गर्दी लोटे की त्यांचे सर्व्हर बंद पडत. ‘डिग इफेक्ट’ हा शब्दच त्यातून रूढ झाला. २००८ मध्ये गूगल ही कंपनी सुमारे २० कोटी डॉलरना विकत घेणार असल्याची वृत्ते होती. तो व्यवहार झाला नाही.

युजरच्या ताकदीचा अनुभव कंपनीला आधीही आला होता. मे २००७ मध्ये एचडी डीव्हीडीचे कुलूप उघडणारा एक सांकेतिक क्रमांक युजरनी ‘डिग’वर टाकला. कायदेशीर नोटिशीनंतर कंपनी तो काढू लागली, तेव्हा हजारो युजरनी तोच क्रमांक पुन्हा पुन्हा टाकून मुख्य पान भरून टाकले. त्याच रात्री रोझ यांनी माघार घेतली आणि आता असे मजकूर काढणार नाही, असे जाहीर केले.

चौथ्या आवृत्तीत काय बदलले?

२५ ऑगस्ट २०१० रोजी ‘डिग’ची चौथी आवृत्ती आली. तिच्यात रंग आणि मांडणी बदललीच, पण त्याहून मोठे बदल आत होते. ‘बरी’चे बटण गेले. मुख्य पानाच्या वाटेवर असलेल्या नव्या लिंक जिथे दिसत, तो विभाग गेला. आवडत्या लिंक जपून ठेवण्याची सोय आणि उपविभागही गेले. सर्वांना सारखे दिसणारे मुख्य पान मागे पडले आणि आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्या लिंक दाखवणारे पान आधी उघडू लागले.

सर्वांत जास्त झोंबली ती वेगळीच गोष्ट. बड्या प्रकाशन संस्था आणि वेबसाइटना त्यांचा मजकूर आपोआप ‘डिग’वर टाकण्याची मुभा मिळाली. आतापर्यंत एखादा युजर इंटरनेट धुंडाळून लिंक आणत असे. आता त्याच्याआधी प्रकाशकाचे यंत्रच ती आणून टाकू लागले. मुख्य पान ठरावीक मोठ्या नावांनी भरले. शिवाय नवी प्रणाली सुरुवातीचे काही दिवस सतत बंद पडत होती.

कंपनीला बदलाची गरज का वाटली?

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. लिंक वाटण्याचे काम तोवर ट्विटर आणि फेसबुककडे सरकू लागले होते. ‘डिग’वर मोजक्या जुन्या युजरच्या गटाचे वर्चस्व होते आणि नवख्याची लिंक वर येणे कठीण झाले होते. ‘बरी’च्या बटणाचा वापर करून राजकीय विरोधकांचा मजकूर संघटितपणे पुरला जात असल्याचे आरोपही त्याच महिन्यात गाजत होते. म्हणजे दुखणे खरे होते. पण मतदानात गैरप्रकार होतात म्हणून मतदान दुरुस्त करणे वेगळे आणि मतपेटीच उचलून नेणे वेगळे. ‘डिग’ने दुसरा मार्ग निवडला, अशी युजरची भावना झाली.

ही टीका आधीपासून कानावर येत होती. प्रतिस्पर्धी ‘रेडिट’चे सहसंस्थापक अ‍ॅलेक्सिस ओहानियन यांनी नव्या आवृत्तीची झलक पाहून २०१० मध्येच रोझ यांना खुले पत्र लिहिले होते. या बदलांमागे गुंतवणूकदारांची ढवळाढवळ दिसते, असा त्याचा रोख होता.

युजरनी काय केले?

३० ऑगस्टला युजरनी ‘डिग सोडा दिवस’ पाळला. त्यांनी नुसती गैरहजेरी लावली नाही, तर ‘डिग’च्याच मतदानाचा वापर करून मुख्य पान ‘रेडिट’च्या लिंकने भरून टाकले. ‘रेडिट’नेही पाहुण्यांचे स्वागत केले आणि ‘डिग’चे फावडे काही काळ आपल्या बोधचिन्हात घेतले.

कंपनीने पुढच्या काही आठवड्यांत ‘बरी’चे बटण आणि नव्या लिंकचा विभाग परत आणला. मात्र जुनी आवृत्ती जशीच्या तशी परत आणणे शक्य नव्हते. वरच्या मांडणीबरोबर माहिती साठवणारी आतली प्रणालीही बदलली होती आणि मागे जाण्याची वाट ठेवलेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये कंपनीने ३७ टक्के कर्मचारी कमी केले. जुलै २०१२ मध्ये ‘डिग’चे नाव, वेबसाइट आणि तंत्रज्ञान ‘बीटावर्क्स’ या कंपनीने सुमारे पाच लाख डॉलरना घेतल्याचे वृत्त आले. पेटंट आणि कर्मचारी वेगळ्या कंपन्यांकडे गेले. ते व्यवहार जमेस धरले तरी एकूण रक्कम जुन्या अपेक्षेच्या जवळपासही नव्हती.

ही फक्त सवयीची तक्रार होती का?

वेबसाइट बदलली की होणाऱ्या ओरड्याला कंपन्यांकडे एक ठरलेले उत्तर असते : लोकांना सवय होईल. त्याला आधारही आहे. हातातली गोष्ट गमावण्याचे दुःख तेवढीच गोष्ट मिळण्याच्या आनंदापेक्षा मोठे असते, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले. रोज वापरातले बटण कुठे आहे हे डोक्यापेक्षा बोटाला जास्त ठाऊक असते. ते हलले की पहिले काही दिवस चिडचिड होणारच.

फेसबुकचे उदाहरण यासाठी हमखास दिले जाते. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणले. मित्रांच्या हालचाली एकाच पानावर दिसू लागल्या आणि युजर संतापले. विरोधासाठी फेसबुकवरच निघालेल्या एका गटात काही दिवसांत सुमारे सात लाख सदस्य जमले. मार्क झकरबर्ग यांनी चूक मान्य केली, कोणती माहिती कोणाला दिसावी हे ठरवण्याची सोय दिली, पण ‘न्यूज फीड’ काढले नाही. पुढे तेच फेसबुकचा कणा बनले.

मात्र या उदाहरणातून अनेक कंपन्या अर्धाच धडा घेतात. फेसबुकच्या युजरनी पूर्वी करता येणारे काही गमावले नव्हते. लिहिणे, फोटो टाकणे, मित्र जोडणे तसेच राहिले होते. त्यांची खासगीपणाची तक्रार रास्त होती आणि तिच्यावर काही उपाय तरी झाला. ‘डिग’मध्ये युजरच्या हातातून निर्णयच गेला. लिंक शोधणारा, मत देणारा, पुरून टाकणारा युजर हाच तिथला बिनपगारी संपादक होता. नव्या आवृत्तीत तो प्रेक्षक झाला. एखाद्या गणेश मंडळाने मांडव दुसऱ्या रंगाचा केला तर कार्यकर्ते कुरकुरतात आणि कामाला लागतात. वर्गणी, सजावट, मिरवणूक सगळे प्रायोजक ठरवणार म्हटल्यावर तेच कार्यकर्ते घरी बसतात. दोन्ही वेळचा आवाज बाहेरून सारखाच वाटतो.

मग प्रत्येक बंड यशस्वी का होत नाही?

कारण रागाला वाट लागते. ‘डिग’च्या युजरना ती होती. तेच काम करणारे ‘रेडिट’ एका क्लिकवर होते आणि तिथे नवे खाते उघडायला मिनिटही लागत नव्हते.

स्नॅपचॅटने फेब्रुवारी २०१८ मध्ये मांडणी बदलली, तेव्हा जुनी मांडणी परत आणा म्हणणाऱ्या ऑनलाइन याचिकेवर १२ लाखांहून अधिक सह्या झाल्या. रोजच्या युजरची संख्या त्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत १९.१ कोटी होती, ती दुसऱ्या तिमाहीत १८.८ कोटींवर आली. कंपनीने मांडणीत पुन्हा फेरफार केले. तिथेही इन्स्टाग्रामसारखा पर्याय शेजारीच उभा होता.

‘रेडिट’वर वेळ आली तेव्हा चित्र उलटे होते. २०२३ मध्ये कंपनीने बाहेरच्या अ‍ॅपना डेटा घेण्यासाठी शुल्क लावले. ‘अपोलो’ या लोकप्रिय अ‍ॅपच्या निर्मात्याने आपला खर्च वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर होईल, असे सांगितले. १२ जूनपासून ‘रेडिट’वरील आठ हजारांहून अधिक समूहांनी आपली दारे बंद केली. कंपनी बधली नाही. समूह बंदच ठेवणाऱ्या नियंत्रकांना हटवण्याचे इशारे दिले गेले आणि ३० जूनला ‘अपोलो’ बंद झाले. हे नियंत्रक बिनपगारी काम करत होते आणि त्यांचा रागही ‘डिग’च्या युजरइतकाच खरा होता. पण वर्षानुवर्षांच्या चर्चा आणि लाखोंचा समूह उचलून नेता येईल असे तयार घर शेजारी नव्हते. म्हणजे बंड फसले यावरून तक्रार खोटी होती असे सिद्ध होत नाही. युजरना जायला जागा नव्हती, एवढेच त्यातून कळते.

बदल करावा तरी कसा?

वेबसाइट कधी बदलूच नये, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. मोठ्या संगणक पडद्यासाठी केलेली मांडणी मोबाइलवर चालत नाही. सुरक्षितता, वेग, अपंगांसाठीच्या सोयी यासाठी बदल करावेच लागतात. प्रश्न पद्धतीचा आहे.

इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये एका दशकाहून अधिक काळानंतर संगणकावरील मांडणी बदलली. मजकुराची रुंदी कमी झाली, दोन्ही बाजूंना पांढरी जागा दिसू लागली आणि वाद पेटला. पण बदलाआधी संपादकांपुढे प्रस्ताव ठेवून उघड चर्चा झाली होती. रुंदी वाढवण्याचे बटण देण्यात आले. खाते असलेल्या कोणालाही सेटिंगमध्ये जाऊन जुनी मांडणी निवडता येते. नाराजी राहिली, तरी लिहिणारे हात थांबले नाहीत. ‘रेडिट’नेही २०१८ मध्ये रूप बदलताना जुनी मांडणी वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवली. दोन्हीकडे परतीची वाट होती. ‘डिग’ने ती आपल्या हाताने तोडली होती.

जिथून निघूनच जाता येत नाही, तिथे काय?

भारतीय वाचकांसाठी हा प्रश्न सर्वांत जवळचा आहे. ७ जून २०२१ रोजी प्राप्तिकर विभागाचे नवे ई-फायलिंग पोर्टल सुरू झाले आणि जुने बंद झाले. पहिल्याच दिवसापासून लॉगिनपासून अर्ज भरण्यापर्यंत तक्रारी येऊ लागल्या. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पोर्टल तयार करणाऱ्या इन्फोसिसला जाहीरपणे लक्ष घालायला सांगितले. ऑगस्टमध्ये कंपनीचे प्रमुख सलील पारेख यांना बोलावून घेतले गेले. सप्टेंबरमध्ये वैयक्तिक विवरणपत्रांची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

करदात्याला ‘पोर्टल सोडा दिवस’ पाळता येत नाही. पाळला तर दंड त्यालाच बसतो. बँका, वीजबिल, रेल्वे आरक्षण, शाळाप्रवेश, सातबारा अशा कामांसाठी आता पडद्याखेरीज दुसरा मार्ग उरत चालला आहे तो फक्त रांगेचा किंवा दलालाचा. खासगी वेबसाइट चुकली तर गर्दी पांगते आणि चूक आकड्यांत दिसते. सक्तीच्या पोर्टलवर गर्दी कायम राहते, त्यामुळे सगळे आलबेल असल्याचा भास होतो. म्हणूनच तिथे जुने पोर्टल काही महिने समांतर चालवणे, आधी मोजक्या लोकांवर चाचणी घेणे आणि मुदतीच्या तोंडावर बदल न करणे हे बंधनकारकच असायला हवे.

आता पुढे काय?

मार्च २०२५ मध्ये केव्हिन रोझ यांनी ‘डिग’ परत विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्यांचे भागीदार आहेत तेच अ‍ॅलेक्सिस ओहानियन, ज्यांच्या ‘रेडिट’कडे २०१० मध्ये ‘डिग’चे युजर गेले होते. नाव परत घेता येते, पण त्यावेळी पांगलेला समूह त्याच्यासोबत येत नाही.

पुढच्या वेळी एखाद्या अ‍ॅपचे रूप बदलेल आणि तक्रारींचा पाऊस पडेल, तेव्हा कंपनीने आणि युजरनेही आधी दोन गोष्टी तपासाव्यात. बटण फक्त हलले आहे की त्यासोबत काही करण्याचा अधिकारही गेला आहे? आणि जुन्या मांडणीवर परतण्याची सोय ठेवली आहे का? बटण हलले असेल तर आठवडाभर धीर धरायला हरकत नाही. अधिकार गेला असेल तर मात्र ‘सवय होईल’ हे उत्तर ऐकून घेऊ नये.